श्रद्धा लेखनात मुरते कशी? ख्रिस्ती लेखकासाठी कामाचा आराखडा

लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, ‘देवाने देणगी दिली आहे ना, मग ती त्याच्या कामी लाव.’ कामी लावण्याचा अर्थ बहुतेकदा स्मरणिकेतला लेख किंवा नाताळची नाटिका एवढाच निघतो. साहित्यातले लोक म्हणतात, ‘धर्म दाराबाहेर ठेव आणि मग लिहायला बस.’ पहिल्यांचं ऐकलं तर कथेचं पत्रक होतं. दुसऱ्यांचं ऐकलं तर लिहिणारा स्वतःचा निम्मा भाग बाहेर ठेवूनच आत येतो.

पुढचं सगळं एका धारणेवर उभं आहे. श्रद्धा आधी लिहिण्याच्या पद्धतीत उतरावी लागते: आपण काय पाहतो, किती खरं लिहितो, पात्रांना कसं वागवतो, काहीच छापून येत नाही त्या वर्षांत कसे राहतो. विषयात ती दिसेल की नाही हे ज्या त्या कथेने ठरवावं. पानोपानी येशूचं नाव घेणारं लेखन अप्रामाणिक असू शकतं. उलट एस्तेरच्या पुस्तकाच्या हिब्रू पाठात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

आधी परवानगीचा प्रश्न मिटवा

कित्येक जण वर्षानुवर्षं लिहितात आणि मनातून अपराधी असतात. हा वेळ प्रार्थनेला, सेवेला, घराला द्यायला हवा होता का? कविता करणं ही चैन तर नव्हे? हा प्रश्न न मिटवता लिहायला बसलं की तो प्रत्येक वाक्यामागे कुरकुरत राहतो.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा ३१ वा अध्याय काढा. निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, कामासाठी देव बसालेल नावाच्या कारागिराला नाव घेऊन बोलावतो आणि त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केल्याचं मोशेला सांगतो. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं कोंदणात बसवायला, लाकडावर कोरीवकाम करायला. हाताच्या कौशल्यासाठी! लेखन म्हणजे खऱ्या सेवेपुढचं किरकोळ काम असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा उतारा आठवडाभर रोज वाचावा.

पण म्हणून हा प्रश्न सगळ्यांना इतका सहज सुटतो असं नाही. इंग्रज कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी १८६८ साली, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात जाण्याआधी, आपल्या कविता जाळल्या आणि पुढची सात वर्षं जवळजवळ काही लिहिलं नाही. १८७५ च्या डिसेंबरात ‘डॉइचलांड’ हे जहाज बुडालं, त्यात पाच धर्मभगिनी मरण पावल्या, आणि यावर कुणीतरी कविता लिहायला हवी असं हॉपकिन्सच्या वरिष्ठांनी बोलून दाखवलं. तेवढ्यावर लेखणी पुन्हा सुरू झाली. ती कविता त्यांच्याच संघाच्या मासिकाने छापली नाही. हॉपकिन्स १८८९ मध्ये वारले आणि कवितांचं पुस्तक निघालं १९१८ मध्ये. मला या हकिगतीत कविता जाळण्यापेक्षा वरिष्ठांचं ते एक वाक्य मोठं वाटतं. स्वतःवर एकट्याने घातलेली बंदी सात वर्षं टिकली आणि दुसऱ्याच्या एका बोलण्याने सुटली.

तेव्हा हा निकाल एकट्याने लावू नका. एक कोरं पान घ्या. मी का लिहितो ते लिहा. शोभेचं कारण नको, ‘नाव व्हावं’ असं असेल तर तेही लिहा. मग माझ्या लिहिण्यामुळे कुणाचा वेळ जातो आणि त्याला ते मान्य आहे का, ते लिहा. शेवटी पैसा किंवा वाहवा मिळाली तरी मी काय लिहिणार नाही, ते. हे पान पाळकांना, फादरना किंवा विश्वासात पिकलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला दाखवा. लग्न झालं असेल तर आधी घरातल्या माणसाला. दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच मिळतं. वर्षातून एकदा हे पान नव्याने लिहायचं, जुनं न बघता.

वाचन, प्रार्थना, मग कागद

बाराव्या शतकातला कार्थुसियन मठवासी दुसरा गिगो याने पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. लेखकाने त्या जशाच्या तशा उचलाव्यात. आठ-दहा वचनांचा उतारा घ्या. तो मोठ्याने वाचा, घाई न करता, दोनदा. जिथे मन अडखळलं तिथेच थांबा. अडखळणं रागाने असेल तरी चालेल. त्या जागेबद्दल देवाशी बोला. मग काही वेळ काहीच करू नका. वीस मिनिटं पुरतात.

इथे लेखकाला एक खास मोह होतो. वाचता वाचताच शीर्षकं सुचू लागतात. हागारेवर काय कथा होईल! लोटाच्या बायकोच्या तोंडून कविता लिहिली तर? हे सुचणं वाईट नाही, पण त्या क्षणी वही उघडली की शास्त्र आपल्याशी बोलायचं थांबतं आणि कच्चा माल होऊन बसतं. म्हणून वाचनाच्या जागी लेखनाची वही न्यायचीच नाही. चांगली कल्पना वीस मिनिटांत मरत नाही.

प्रार्थनेबद्दल थोडंच सांगतो. लिहिण्याआधीची प्रार्थना छोटी असावी आणि यशाबद्दल नसावी. ‘जे आहे ते मला दिसू दे’ एवढं मागणं पुष्कळ झालं. आणि लिहून झाल्यावर ‘हे देवानेच लिहून घेतलं’ असं संपादकाला सांगू नये. मग त्या मजकुरातला स्वल्पविरामही हलवायची सोय राहत नाही. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांत असा दावा केलेला नाही. ज्याच्यासाठी ते लिहिलं त्या थियफिलला तो सांगतो की सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध घेतला आणि मग क्रमवार लिहिलं. शास्त्रात ज्याचं लेखन आलं त्याला चौकशी करायला कमीपणा वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये.

सकाळच्या वाचनाला संध्याकाळची जोड द्या. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवस तपासून पाहण्याची प्रार्थना शिकवली, ती लेखकाच्या फार कामाची आहे. दिवस सकाळपासून आठवायचा: कुठे आभार मानावेसे वाटले, कुठे मन आक्रसलं, कुणाला आपण माणूस न समजता वस्तूसारखं ओलांडून गेलो. त्यात लेखकासाठी एक भर घाला. रोज एका माणसाबद्दल वहीत चार ओळी लिहा आणि त्यात फक्त पाहिलेलं-ऐकलेलं येऊ द्या. ‘गर्विष्ठ’, ‘भोळा’, ‘बिचारी’, ‘लबाड’ असली निकालाची विशेषणं पूर्ण बंद. बोटं कशी हलत होती, कोणतं वाक्य अर्धं सोडलं, उत्तर देण्याआधी कुठे पाहिलं. दोषी ठरवू नका ही आज्ञा लेखनाच्या कामात उतरते ती अशी, आणि महिनाभरात पात्रांचे संवाद सुधारू लागतात.

खोटी साक्ष देऊ नको

बहुतेक प्रॉटेस्टंट गणतीत ही नववी आज्ञा, कॅथलिक गणतीत आठवी. लेखकासाठी मी तिला पहिली म्हणेन. गंमत अशी, की ख्रिस्ती लेखनात ती सर्वांत जास्त मोडली जाते ती ‘साक्ष’, म्हणजे स्वतःच्या विश्वासाची हकिगत, लिहितानाच. आधीचं आयुष्य होतं त्याहून काळं रंगवायचं, नंतरचं होतं त्याहून उजळ; मधला गोंधळ गाळायचा. हेतू चांगला असतो, देवाचं गौरव व्हावं हाच. पण देवाच्या गौरवासाठी खोट्याची मदत घ्यावी लागते असं मानणं ही श्रद्धा नव्हे, धास्ती आहे.

स्वतःच्या विश्वासाबद्दल लिहिताना तीन वेगळे कागद करा. पहिल्यावर फक्त घडलेलं: कधी, कुठे, कोण काय म्हणालं. त्यात देवाचा उल्लेख करायचा नाही. दुसऱ्यावर त्या वेळी मला काय वाटलं ते, चुकीचं, बालिश, रागीट जे काही असेल ते. तिसऱ्यावर आज त्याचा मला काय अर्थ लागतो ते. लेख जुळवताना तिन्ही वापरा, पण वाचकाला कोणतं वाक्य कुठल्या कागदावरचं आहे ते कळलं पाहिजे. दुसरा आणि तिसरा कागद एकमेकांत कालवला की साक्ष खोटी व्हायला सुरुवात होते: ‘त्याच क्षणी मला कळलं की ही देवाची योजना आहे.’ खरंच त्याच क्षणी कळलं होतं? आणि जे बरं झालं नाही, जे नातं परत जुळलं नाही, ज्या प्रार्थनेला उत्तर आलं नाही, तेही लेखात राहू द्या.

मराठीत याचा उत्तम धडा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो धक्का होता, आणि त्या स्वतः ख्रिस्ताकडे आल्या त्या बऱ्याच अवधीनंतर. पुस्तकात हा प्रवास त्यांनी घाईने उरकलेला नाही. विरोध, विटाळाच्या कल्पना, चिडचिड, फजिती सगळं जागच्या जागी आहे. नवऱ्यावर त्यांचं प्रेम आहे आणि त्याच्या विक्षिप्तपणाचं हसूही आहे. जे नातेवाईक विरोधात होते त्यांना खलनायक केलेलं नाही. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरलं, ते या खरेपणामुळे.

दुसऱ्यांबद्दल लिहिण्याचा नियम मी कडक ठेवीन. प्रार्थनासभेत कुणी मन मोकळं केलं, तर ते लेखनाचं साहित्य नव्हे. नाव बदलून भागत नाही. छोट्या मंडळीत नाव बदललेला माणूस पहिल्याच परिच्छेदात ओळखू येतो. परवानगी विचारा आणि मजकूर दाखवून विचारा, नुसतं तोंडी नको. नकार आला तर तो विषय सोडून द्या. कथेत वापरायचं असेल तर माणूस वापरू नका, त्याच्या अडचणीचा आकार तेवढा घ्या: वय, नातं, व्यवसाय, प्रसंग सगळं बदललं तरी जी अडचण उरते ती.

काळोखाची पानं

ख्रिस्ती लेखकाने काय लिहू नये हे सांगणाऱ्यांच्या हाती फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:८ असतं: जे शुद्ध, जे प्रिय, जे श्रवणीय त्याचंच मनन करा. ते वचन सुरू होतं ‘जे सत्य’ इथून, हे मात्र राहून जातं. आणि ज्या शास्त्रात ते आहे त्याच शास्त्रात शास्ते या पुस्तकाचा १९ वा अध्याय आहे, जिथे एका उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो आणि ती मरते, तामारेवरचा बलात्कार आहे, आशेचा एकही शब्द शेवटी न देता अंधारात संपणारं ८८ वं स्तोत्र आहे. तेव्हा काळोख लिहावा का, हा वाद संपलेला आहे. तो कसा लिहावा, एवढाच प्रश्न.

२ शमुवेल १३ सावकाश वाचा. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीला, तामारेला धरतो तेव्हा ती बोलते: माझ्यावर बळजबरी करू नको, इस्राएलात असं करू नये, मी माझी लाज घेऊन कुठे जाऊ? तिची विनवणी सविस्तर येते. अत्याचार एका वाक्यात उरकतो. मग पुन्हा तिचं बोलणं, फाडलेला झगा, डोक्यावर राख, रडत जाणं. जागा कुणाला दिली आहे ते बघा: जिच्यावर अन्याय झाला तिच्या आवाजाला. कृत्याचं वर्णन वाचकाच्या डोळ्यांना खाऊ म्हणून वाढलेलं नाही. हिंसेचा किंवा शरीराचा प्रसंग लिहून झाला की हीच तपासणी आपल्या पानावर करायची. किती ओळी कृत्याला गेल्या आणि किती त्या माणसाला? तो प्रसंग काढला तर कथेतलं सत्य कमी होतं, की फक्त धक्का कमी होतो? धक्काच कमी होत असेल तर काढा.

याच्याच जोडीला उत्पत्ती १:२७. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, म्हणजे तुमच्या कादंबरीतला खुनी, मंडळीतला दांभिक वडीलजन आणि देव न मानणारा प्राध्यापकसुद्धा. ख्रिस्ती कथांतला नास्तिक बहुधा कागदी असतो. दोन प्रश्नांत हरतो आणि तिसऱ्याला रडतो. त्याला त्याचा सर्वांत भक्कम युक्तिवाद द्या, इतका भक्कम की लिहिताना तुम्हीच अस्वस्थ व्हाल. ज्या पात्राचा तिटकारा येतो त्याच्या तोंडून एक पान ‘मी’ म्हणून लिहा. ते पान कथेत गेलं नाही तरी पात्र बदलतं.

काही विषय काही लेखकांनी टाळावेत, हेही खरं. ज्या सवयीतून तुम्ही नुकतेच सुटला आहात तिचं रसभरीत वर्णन करायला बसू नका. एकाला जे चालतं ते दुसऱ्याच्या सद्‌सद्विवेकाला अडखळण ठरू शकतं, हे रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायातलं बोलणं इथे लागू होतं. पण स्वतःची मर्यादा दुसऱ्या लेखकावर लादू नये.

दाखल्यांपासून शिकण्याचं

कथा लिहिणाऱ्याने येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथा, एकदा तरी निव्वळ कारागिरी म्हणून अभ्यासावेत. अर्थ आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. बांधणी कुणी दाखवलेली नसते.

पहिली गोष्ट, हातातलं काम. खमीर तीन मापं पिठात जातं. नाणं हरवलेली बाई दिवा लावते, घर झाडते. शोमरोनी माणूस वाटेत लुटल्या गेलेल्या परक्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. दया इथे हिशेबासकट येते. दुसरी गोष्ट, माणसं स्वच्छ नाहीत. लूक १६ मधला कारभारी लबाड आहे, लूक १८ मधला न्यायाधीश ना देवाला भितो ना माणसांना जुमानतो. उधळा पुत्र घरी निघतो तेव्हा त्याच्या मनात आधी येतं ते बापाच्या चाकरांना मिळणारं पोटभर अन्न. त्याची भूक आणि त्याचा पश्चात्ताप वेगळे काढता येत नाहीत, आणि बाप काढायलाही जात नाही. तिसरी गोष्ट, शेवट. थोरला भाऊ मेजवानीला आत गेला का? लूक सांगत नाही. योनाचं पुस्तक तर देवाच्या प्रश्नावर संपतं: एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि इतकी गुरं असलेल्या त्या शहराची मी कीव करू नये काय? योनाचं उत्तर नाही.

जुन्या करारातला नाथान संदेष्टाही याच शाळेतला. दावीद राजाने उरीयाची बायको बळकावून त्याला मारवलं आहे. नाथान आरोप करत नाही, गरीब माणसाच्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या पेल्यातून प्यायची, त्याच्या उराशी निजायची. दावीदाला त्या मेंढीचा लळा लागायला नाथानने वेळ दिला आहे. राजाचा संताप उसळतो आणि मगच ते वाक्य येतं, तो माणूस तूच. मेंढीचं वर्णन गाळलं असतं तर नाथान फक्त उद्धट ठरला असता.

आता याचा सराव. विश्वासातलं एखादं उत्तर घेऊन कथा सुरू करू नका. प्रश्न घ्या, तुम्हालाही न सुटलेला. क्षमा केली, पण पुन्हा किल्ली हातात द्यायची का? आजारी माणसासाठी प्रार्थना करताना त्याच्या मरणाचीही तयारी करायची का? असा प्रश्न ज्याच्या रोजच्या कामात अडकेल असा माणूस शोधा: हिशेबनीस, शिंपी, परिचारिका, चालक. त्याच्याजवळ गमावता येणार नाही असं काहीतरी ठेवा आणि ते खरोखर पणाला लावा.

पहिल्या खर्ड्यात काही शब्दांना बंदी घाला: देव, पाप, कृपा, प्रार्थना, विश्वास, आशीर्वाद. खर्डा पुरा झाला की बंदी उठवा आणि ते पात्र ज्या जागी तो शब्द आपसूक उच्चारेल तिथेच तो परत आणा. पाळकाचं पात्र असेल तर दहा जागी येईल, शिंप्याच्या कथेत कदाचित एका. मग शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचा. दहापैकी आठ वेळा कथा आधीच संपलेली असते आणि झाकलेल्या परिच्छेदात आपण वाचकाला तात्पर्य सांगत असतो. तो काढून टाका. हात थरथरेल, काढा.

नायकाने शेवटी गुडघे टेकावे की नाही? टेकावे, जर कथेने त्याची किंमत मोजली असेल तर. शेवटच्या पानावर अवतरणारं परिवर्तन वाचक ओळखतो, विश्वासणारा वाचकही.

आणि ज्यांना थेट विश्वासाबद्दलच लिहायचं आहे, गीत, मनन, प्रवचन, त्यांनी खुशाल थेट लिहावं. गीतात आडून बोलायची गरज नाही. पण मननाला कथेचा वेष घालून वाचकाला फसवू नये. वाचक कथा म्हणून आत येतो आणि त्याला व्याख्यान मिळतं, हीही एक खोटी साक्षच.

भाषा आणि घाट

इंग्लंडमधून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं: सुमारे अकरा हजार ओव्या. कथा बेथलेहेममधल्या जन्माची आणि कालवरीवरच्या क्रुसाची, चाल मराठी पुराणाची. ऐकणाऱ्याच्या कानात जो छंद आधीच घर करून होता तो त्यांनी शिकून घेतला. पुढे टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग जवळ केला तोही याच वाटेने. यातून घ्यायचं ते असं, की आपल्या श्रद्धेला साजेसा घाट परदेशी गीतपुस्तकात शोधण्याआधी आपल्या भाषेच्या पोटात शोधावा. ओवी, अभंग, पोवाडा, जात्यावरची गाणी, लघुनिबंध, नाट्यछटा. एकेका घाटात एकच विषय लिहून बघा; कुठे तो श्वास घेतो ते लगेच कळतं.

कडक घाटाला घाबरू नका. यरुशलेमच्या नाशावरचं विलापगीत हे आक्रोशाचं पुस्तक, पण त्याचे पहिले चार अध्याय हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. ११९ व्या स्तोत्रात बावीस अक्षरांची प्रत्येकी आठ वचनं, एकूण १७६. दुःख जितकं अनावर तितकी चौकट पक्की, असं त्या कवींना वाटलं असावं. रडू येत असलेल्या विषयावर मुक्तछंदात ओतण्याऐवजी एकदा मोजून-मापून लिहा.

मंडळीतली ठराविक भाषा हा वेगळा रोग आहे. ‘प्रभूने माझ्या जीवनात अद्‌भुत कार्य केले’ हे वाक्य इतक्या तोंडांतून गेलं आहे की त्यात कुणाचंच जीवन उरलेलं नाही. असं वाक्य आलं की समासात लिहा: म्हणजे काय झालं? कर्ज फिटलं? दारू सुटली? तीन वर्षांनी बहिणीला फोन केला? जे झालं ते लिहा.

आठवडा, पैसा आणि मत्सर

सहा दिवसांत लेखनाची ठरलेली वेळ असावी, रोज अर्धा तास असला तरी चालेल, आणि सातव्या दिवशी लेखन बंद. फक्त पान बंद करून भागत नाही. त्या दिवशी किती जणांनी वाचलं, कुणी काय प्रतिक्रिया दिली हेही बघायचं नाही. आपण न लिहिता एक दिवस जग चालतं, हे लेखकाला दर आठवड्याला आठवावं लागतं. मुदत गळ्याशी आली असताना हा नियम मोडला, तर त्याचं ओझं घेऊन बसू नका. पुढच्या आठवड्यात पाळा.

गर्वाबद्दल संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमाचा ५७ वा अध्याय वाचण्यासारखा आहे. मठातल्या कारागिरांनी नम्रतेने काम करावं. आपल्या कसबामुळे मठाला लाभ होतो या विचाराने कुणी फुगला, तर त्याला त्या कामावरून काढावं. मालाची किंमत ठरवताना लोभ शिरू नये म्हणून ती बाहेरच्यापेक्षा थोडी कमीच ठेवावी. आजच्या लेखकाने मानधन मागू नये असा याचा अर्थ मी काढणार नाही. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळायला हवी हेही शास्त्रच सांगतं. धर्मकार्य म्हणून लेखकाकडून फुकट लिहून घेणाऱ्यांना हे वचन नम्रपणे दाखवावं.

चोरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण धार्मिक लेखनात ती सर्रास चालते. दुसऱ्याचं मनन भाषांतरित करून स्वतःच्या नावावर, प्रवचनातला दृष्टान्त ‘माझ्याच एका मित्राच्या बाबतीत’ म्हणून, यंत्राकडून लिहून घेतलेलं आपलं म्हणून. सेवेसाठी केली तरी ती चोरीच.

मत्सराचं औषध एकच मला कामी येताना दिसलं आहे: ज्याचा हेवा वाटतो त्याच्या लेखनातलं चांगलं नेमकं काय, हे त्याला पत्राने कळवणं. पहिल्या दोन ओळी लिहिताना दात खावे लागतात.

पुनर्लेखन आणि पहिले वाचक

यिर्मयाच्या ३६ व्या अध्यायात हस्तलिखिताची एक विलक्षण गोष्ट आहे. यिर्मया संदेष्टा सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने गुंडाळीवर उतरवतो. ती यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. हिवाळा आहे, राजापुढे शेगडी पेटलेली आहे. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापतो आणि निखाऱ्यात टाकतो, सगळी गुंडाळी संपेपर्यंत. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेऊन बारूखाला पुन्हा सगळं सांगतो, आणि तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा मोठा निघाला! संपादकाचा नकार आला की हा अध्याय वाचावा. फक्त एक भेद लक्षात ठेवा: यिर्मयाला पुन्हा लिहायला देवाने सांगितलं होतं. आपला मजकूर नाकारला जातो तेव्हा बहुतेकदा कारण छळ नसून सैल दुसरा भाग हे असतं.

खर्डा झाला की निदान पंधरा दिवस बाजूला ठेवा. परत काढल्यावर मोठ्याने वाचा. वाचताना आवाज आपोआप प्रवचनासारखा चढू लागला, की त्या परिच्छेदाला खूण करा. नंतर तीन रंगांच्या पेन्सिली घ्या: जिथे मी जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं लिहिलं तिथे एक, जिथे पात्राला माझ्या सोयीसाठी मूर्ख केलं तिथे दुसरा, जिथे वाचकावर विश्वास न ठेवता समजावून सांगितलं तिथे तिसरा. सर्वांत जास्त जो रंग दिसेल तो तुमचा नेहमीचा दोष. पुढच्या कथेत फक्त त्याच्यावर काम करा.

मग दोन वाचक शोधा. एक विश्वासणारा, जो तुमचं मन राखण्यासाठी खोटं बोलणार नाही. मित्राने केलेले घाव विश्वासाचे, असं नीतिसूत्र २७:६ म्हणतं, तसा. दुसरा, ज्याचा ख्रिस्ती श्रद्धेशी संबंध नाही आणि ज्याला तुम्ही आपल्या बाजूला ओढायच्या विचारात नाही. त्याला मासा समजून गळ टाकाल तर तो दुसऱ्या पानावर ओळखेल. ‘आवडलं का?’ असं दोघांनाही विचारू नका. विचारा: कुठे कंटाळा आला? कोणत्या पात्रावर अन्याय झाला असं वाटलं? लेखक कुठे मध्ये बोलायला आला? उत्तरं ऐकताना बचाव न करता नुसतं लिहून घ्या, आणि सांगणाऱ्याचे आभार माना. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा बदलाच. एकानेच ठेवलं असेल तर आठवडाभर थांबा, तो परिच्छेद पुन्हा वाचा आणि मग काय ते ठरवा.